हेल्मेटचं फायबर कवच: थर लावण्यापासून आपटून पाहण्यापर्यंत

हेल्मेट हातात घेतलं की बहुतेक जण बोटाच्या पेराने त्यावर टकटक करतात. टणक वाटलं की समाधान. कवच बनवायला शिकणाऱ्याच्या मनातही सुरुवातीला हेच असतं: जितकं टणक, तितकं सुरक्षित. ही समजूत घेऊन साच्यासमोर उभं राहिलं की तंतूंची निवड, थरांची संख्या, जाडी, सगळं एकाच दिशेला चुकत जातं. मोठ्या धडकेत कवचाची मोडतोड होणारच आहे, आणि व्हायलाही हवी. ते कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने मोडतं हे आपल्या हातात असतं, आणि हा लेख त्याच कामाबद्दल आहे.

दुचाकीच्या हेल्मेटचं बाहेरचं कवच एफआरपीमधून, म्हणजे तंतू आणि रेझिन यांच्या संयुक्त पदार्थातून, छोट्या कार्यशाळेत बनवून त्याची चाचणी घेऊ पाहणाऱ्यांसाठी मी हे लिहितो आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी असोत किंवा फायबरचं काम करणारे कारागीर, दोघांनाही उपयोग व्हावा. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हाताने बनवलेलं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून न तपासलेलं हेल्मेट डोक्यावर घालून रस्त्यावर जायचं नाही. इथे बनणारा नमुना आपटून पाहण्यासाठी आहे, घालण्यासाठी नाही.

पहिली पायरी: कागदावरचं गणित

कापड विकत घेण्याआधी एक तास हिशेबाला द्या. युरोपच्या ईसीई २२ या नियमावलीतल्या मुख्य चाचणीत हेल्मेट घातलेलं कृत्रिम डोकं सेकंदाला ७.५ मीटर वेगाने लोखंडी ऐरणीवर आपटतात. डोकं साधारण ५ किलोचं धरलं तर गतिज ऊर्जा होते सुमारे १४० ज्यूल. जवळपास २.९ मीटर उंचीवरून खाली पडण्याइतकी. नियम असा की डोक्याचा वेग कमी होण्याचा दर कोणत्याही क्षणी २७५ जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या २७५ पट, याच्या वर जाता कामा नये.

वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, हे शाळेतलं सूत्र लावा. संपूर्ण वेळ अगदी २७५ जी इतकंच बळ लागत राहिलं तरी डोकं थांबायला किमान १०.४ मिमी अंतर लागतं. असं आदर्श थांबणं प्रत्यक्षात घडत नाही. बळ शून्यापासून चढत जातं. ते सरळ रेषेत चढतं असं धरलं तर अंतर दुप्पट होतं, साधारण २१ मिमी. आणि आतला थर्माकोल, म्हणजे ईपीएस, पूर्ण सपाट होऊ शकत नाही. मूळ जाडीच्या ६० ते ७० टक्के दबला की तो दगडासारखा घट्ट होतो. म्हणजे २१ मिमीचा प्रवास मिळवायला ३२ मिमी जाडीचा थर हवा. चांगल्या हेल्मेटमध्ये आतला थर बऱ्याच ठिकाणी ३५ ते ४० मिमी का असतो, याचं उत्तर इतकं सरळ आहे.

आता कवचाचं काम पाहू. हेल्मेटमध्ये वापरतात त्या घनतेचा थर्माकोल दर चौरस मिलिमीटरला साधारण अर्धा न्यूटन बळ देत दबतो असं समजा. हेल्मेट एखाद्या टोकदार कडेवर आपटलं आणि फक्त २० चौरस सेंमी भाग दबला, तर मिळणारं बळ १,००० न्यूटन. २५ मिमी दबेपर्यंत जिरणारी ऊर्जा फक्त २५ ज्यूल. उरलेल्या ११५ ज्यूलसाठी थर्माकोलकडे जागाच शिल्लक राहत नाही, आणि तो तळाला टेकतो. तेवढ्याच २५ मिमीमध्ये १४० ज्यूल जिरवायचे तर ११० ते ११५ चौरस सेंमी भाग एकत्र दबायला हवा. धक्का इतक्या भागावर पसरवणं हे कवचाचं काम.

पण याला वरची मर्यादाही आहे. २७५ जी म्हणजे ५ किलोच्या डोक्यावर सुमारे १३,५०० न्यूटन. कवच इतकं ताठ झालं की २७० चौरस सेंमीपेक्षा जास्त थर्माकोल एकदम दबू लागला, तर थर्माकोल दबत असतानाच मर्यादा ओलांडली जाते. अति मऊ कवच शेवटी मारतं आणि अति ताठ कवच सुरुवातीलाच. हा हिशेब ढोबळ आहे, कवच स्वतः मोडताना जी ऊर्जा खातं ती यात धरलेली नाही, तरीही आपलं कवच कोणत्या दोन टोकांच्या मध्ये बसवायचं आहे ते यातून स्वच्छ दिसतं. थर्माकोलसारख्या दबणाऱ्या अस्तराची ही कल्पना तशी जुनी आहे. हर्मन रॉथ आणि चार्ल्स लोंबार्ड यांना अमेरिकेत तिचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं, आणि आजही हेल्मेटचं पोट त्याच तत्त्वावर चालतं.

दुसरी पायरी: तंतू निवडणं

नवशिक्याचं लक्ष आधी कार्बनकडे जातं. दिसतो देखणा, वजन कमी. ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, म्हणजे ई-ग्लास काचतंतूच्या तिपटीहून जास्त. पण कार्बनचा नेहमीचा तंतू तुटण्याआधी जेमतेम दीड टक्का ताणला जातो. ई-ग्लास चार टक्क्यांहून जास्त ताणला जातो. धडक सोसण्यासाठी ताठपणापेक्षा हे ताणणं जास्त मोलाचं, कारण ऊर्जा म्हणजे बळ गुणिले अंतर. निव्वळ कार्बनचं पातळ कवच तडकतं तेव्हा कडक आवाज करून एकदम तडकतं, आणि तडकलं की त्या जागी थर्माकोलला झाकणारं काही उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिलं कवच पूर्ण ई-ग्लासचं करा. ते जड होईल, पण थर बसवण्यातली चूक ते लपवत नाही. उजेडासमोर धरलं की सगळं दिसतं.

अ‍ॅरामिड, म्हणजे केव्हलारच्या जातीचा तंतू, १९६० च्या दशकात ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून पुढे आला. वजनाला हलका, घनता १.४४, तर ई-ग्लासची सुमारे २.५५. ओढ सोसण्यात जबरदस्त, पण दाब सोसण्यात कमजोर. दाबला की तंतू आतून दुमडतो. हा गुणधर्म समजला की त्याची जागा आपोआप ठरते. कवचावर बाहेरून घाव बसला की ते आत वाकतं, बाहेरचा पृष्ठभाग दाबला जातो आणि आतला ताणला जातो. म्हणून काच बाहेर, अ‍ॅरामिड आत. काच दाब आणि रस्त्याचं घासणं सोसते, आणि कवचाला तडा गेला तरी आतलं अ‍ॅरामिड तुकडे एकत्र धरून ठेवतं. अ‍ॅरामिडला उन्हाचं वावडं आहे, तो ओलावा शोषतो आणि घासला की फक्त केसाळ होतो. बाहेर न ठेवण्याची ही आणखी तीन कारणं.

सैनिकी शिरस्त्राणांचे दाखले इथे बरेच जण देतात. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात पोलादी शिरस्त्राण सोडून अ‍ॅरामिडचं घेतलं हे खरं. पण त्याची रचना बंदुकीचे छर्रे आणि स्फोटाचे तुकडे अडवण्यासाठी आहे. त्यात रेझिन मुद्दाम कमी ठेवतात आणि थरांची पकड सैल ठेवतात, म्हणजे थर सुटत सुटत तुकड्याचा वेग खातात. रस्त्यावरची धडक बोथट असते. तिथे थर धरून राहायला हवेत. एकाची कृती दुसऱ्याला लावू नका.

बेसॉल्ट आणि ताग-जवसासारखे नैसर्गिक तंतूही चालतात. नैसर्गिक तंतू पाणी पितात, एवढं लक्षात ठेवा.

कापडाचा प्रकारही तितकाच महत्त्वाचा. हेल्मेटचा गोलवा दोन्ही दिशांना वळलेला असतो. साध्या विणीचं कापड अशा गोलाव्यावर सुरकुत्या पाडतं, कारण त्यात प्रत्येक धागा शेजारच्या धाग्यात अडकलेला असतो. ट्विल किंवा सॅटिन विणीत धागे कमी वेळा एकमेकांत अडकतात, ते कापड सहज बसतं. कापलेल्या तंतूंची मॅट सगळ्यात सोपी बसते, पण रेझिन खूप पिते: वजनाच्या दोन ते अडीच पट. शिवाय मॅटचे तंतू ज्या चिकट द्रव्याने धरलेले असतात ते बहुधा पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळण्यासाठी असतं. इपॉक्सीत ते विरघळत नाही आणि मॅट आखडूनच राहते. इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलंच कापड घ्या.

तिसरी पायरी: रेझिन

तीन पर्याय आहेत. पॉलिएस्टर स्वस्त आणि सोपं, पण ठिसूळ, आणि सुकताना आकुंचन पावतं. व्हिनाइल एस्टर त्याहून चिवट. इपॉक्सीची तंतूशी पकड सगळ्यात चांगली, आकुंचन कमी, पण प्रमाणात चूक माफ नाही.

पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी हा उत्प्रेरक, म्हणजे सुकण्याची क्रिया सुरू करणारं द्रव्य, साधारण १ ते २ टक्के घालतात. थंडीत थोडा वाढवला, उकाड्यात कमी केला, चालतं. हीच सवय इपॉक्सीला लावणारे फसतात. इपॉक्सीचा हार्डनर हा उत्प्रेरक नसून रेझिनशी जोडला जाणारा अर्धा भागीदार आहे. जास्त घातला म्हणून लवकर सुकत नाही, उलट जोडीदार न मिळालेले रेणू मागे राहतात आणि कवच कायमचं मऊ होतं. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं, ते आधी वाचा, आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावरच मोजा.

आणि आता हेल्मेटपुरती खास अडचण. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, आणि स्टायरिन त्याला विरघळवतं. पॉलिएस्टर किंवा व्हिनाइल एस्टरचं कवच अर्धवट सुकलेलं असताना त्यात थर्माकोल बसवला तर कवचातून सुटणारं स्टायरिन त्याला हळूहळू खातं. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून असं कवच पूर्ण सुकवून, उष्णता देऊन, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवायचं. इपॉक्सीत ही अडचण नाही, आणि मी तिची शिफारस करतो त्यामागे हे मोठं कारण आहे.

सुरक्षिततेचं तीन वाक्यांत सांगतो, पण ती तीनही पाळा. पॉलिएस्टरचा कोबाल्ट प्रवेगक आणि एमईकेपी कधीही थेट एकत्र करू नका, आग लागते किंवा स्फोट होतो; प्रवेगक आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा, मग उत्प्रेरक. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे गॉगल काढायचा नाही. इपॉक्सी कातडीला वारंवार लागली की कायमची अ‍ॅलर्जी जडते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे घाला, हात अ‍ॅसिटोनने धुऊ नका, आणि सेंद्रिय वाफांचं फिल्टर असलेला मास्क वापरा.

चौथी पायरी: थरांचा आराखडा

एका थराची जाडी काढायला कापडाचं वजन भागायचं तंतूची घनता आणि तंतूचा आकारमानातला वाटा यांच्या गुणाकाराने. ३०० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचं, काचेचं ट्विल, निर्वात पिशवीखाली (पिशवीतली हवा पंपाने काढून थर दाबले तर) तंतूचा वाटा ४५ टक्के: एक थर ०.२६ मिमी. आठ थर म्हणजे सुमारे २.१ मिमी. फक्त ब्रशने बसवलं तर वाटा ३३ टक्क्यांच्या आसपास राहतो, आणि तेच आठ थर २.८५ मिमी जाड होतात.

०.१४ चौरस मीटर पृष्ठभागाचं, हनुवटी उघडी असलेलं कवच धरू. दोन्हीत कापड सारखंच, ३३६ ग्रॅम. निर्वात पिशवीतलं कवच ५२० ग्रॅमच्या आसपास भरतं, ब्रशचं साधारण ६४० ग्रॅम. मधले १२० ग्रॅम निव्वळ रेझिन, ज्याने मानेवर ओझं वाढवलं आणि धडकेत फारसं काही दिलं नाही. हा फरक एकदा काट्यावर पाहिला की पंपाचा खर्च खटकत नाही.

थरांची दिशा प्रत्येक वेळी ४५ अंशांनी फिरवा. धडक कुठल्या दिशेने येईल ते ठाऊक नसतं, आणि एकाच दिशेचे थर असले की तडा धाग्यांच्या बाजूने सरळ धावतो. आराखडा मधल्या पातळीभोवती शक्य तितका समतोल ठेवा, नाहीतर कवच साच्यातून निघताना पिळवटतं. काच आणि अ‍ॅरामिडच्या मिश्र रचनेत हा समतोल पूर्ण साधत नाही. तिथे उष्णता सावकाश द्यायची, एवढाच उपाय.

दुसऱ्या प्रयत्नासाठी माझा आवडता आराखडा असा: बाहेर ३०० जीएसएम काचेचे पाच थर, आत साधारण १७० जीएसएम अ‍ॅरामिडचे दोन, आणि सगळ्यात आत काचेचा एक पातळ थर, म्हणजे अ‍ॅरामिडचा केसाळपणा झाकला जातो. कडेला २५ मिमी रुंद पट्टीचे दोन जादा थर. हनुवटीचा पट्टा जिथे रिव्हेटने बसणार तिथे तळहाताएवढे दोन जादा थर, पण त्यांच्या कडा एकाखाली एक पायऱ्यांसारख्या मागे घ्या. जाडी जिथे एकदम बदलते तिथून तडा सुरू होतो.

पाचवी पायरी: साचा

कवच बाहेरून गुळगुळीत हवं, म्हणून आतून पोकळ, म्हणजे मादी साचा लागतो. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट पहिल्या प्रयत्नात घेऊ नका. हनुवटीकडे साचा आत वळतो, कवच अडकतं, आणि साचा दोन किंवा जास्त तुकड्यांत करावा लागतो. अर्ध्या किंवा तीन-चतुर्थांश कवचावर हात बसू द्या.

नवीन साच्याला वॅक्सचे किमान पाच-सहा हात द्या. प्रत्येक हात पुसून चकचकीत करा, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. वरून पीव्हीएचा, म्हणजे कवच साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रावणाचा, पातळ थर स्पंजने किंवा फवाऱ्याने. वॅक्सवर पीव्हीएचे थेंब गोळा होत असतील तर वॅक्स नीट पुसलेलं नाही, पुन्हा पुसा. या कामात घालवलेला अर्धा दिवस वाया जात नाही. कवच साच्यातच चिकटलं तर दोन्ही जातात.

गेलकोट, म्हणजे साच्यावर सगळ्यात आधी द्यायचा नुसत्या रेझिनचा बाहेरचा थर, देणार असाल तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास ठेवा. जाड गेलकोट ठिसूळ असतो आणि पहिल्याच धक्क्यात जाळीसारखा तडकतो. पॉलिएस्टरच्या गेलकोटवर इपॉक्सी नीट धरत नाही. इपॉक्सीच्या कवचाला इपॉक्सीचाच गेलकोट लागतो, किंवा गेलकोट सोडून नंतर रंग द्या.

सहावी पायरी: थर बसवणं

कापड आधीच कापून, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक आणि दिशेचा बाण काढून, क्रमाने रचून ठेवा. रेझिन कालवल्यावर कात्री शोधत बसायला वेळ नसतो. अ‍ॅरामिड साध्या कात्रीने कापलं जात नाही, दातेरी पात्याची कात्री लागते.

गोलाव्यासाठी कापडाला फुलाच्या पाकळ्यांसारखे चिरे द्या, पण मधला माथा अखंड ठेवा. पाकळ्या एकमेकींवर २० ते २५ मिमी चढल्या पाहिजेत. प्रत्येक थरात चिऱ्यांची जागा सरकवा. एकावर एक आलेले चिरे म्हणजे कवचातली तयार भेग. चाचणीत माझं एक सुबक दिसणारं कवच कानाच्या वर सरळ रेषेत उघडलं होतं. कापून पाहिल्यावर कळलं की चार थरांचे चिरे मी एकाच रेषेत ठेवले होते. तेव्हापासून साच्याच्या कडेवर घड्याळाच्या आकड्यांसारख्या बारा खुणा करतो, आणि कुठल्या थराचा चिरा कुठल्या खुणेवर येणार ते कागदावर आधी लिहितो.

रेझिन एकदम सगळं कालवू नका. डब्यात खोल राहिलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापतं, धुमसतं, प्लास्टिकचा मग वितळवतं. दोनशे ग्रॅमच्या आत कालवा, आणि पसरट भांड्यात ओता. वरच्या निर्वात पिशवीच्या पूर्ण काचेच्या आराखड्याला कवचात राहणारं रेझिन सुमारे १८५ ग्रॅम लागतं. पिळून बाहेर जाणारं आणि ब्रशला लागणारं धरून एक तृतीयांश जास्त ठेवा.

साच्यावर आधी रेझिनचा पातळ हात, मग कापड. रेझिन खालून वर झिरपू द्या, ब्रशने ओढू नका, टोचा. ओढलं की विणीचे धागे सरकतात. काचेचं कापड भिजलं की पारदर्शक होतं. पांढुरका डाग राहिला तर तिथे हवा अडकली आहे, खाचांच्या रोलरने ती कडेकडे ढकला. कार्बन आणि अ‍ॅरामिडमध्ये ही खूण दिसत नाही, म्हणूनच पहिलं कवच काचेचं.

सातवी पायरी: दाब आणि सुकवणं

शेवटच्या थरावर पील प्लाय, म्हणजे नंतर सोलून काढायचं कापड, त्यावर छिद्रांची फिल्म, त्यावर जादा रेझिन शोषणारं ब्रीदर कापड, आणि मग पिशवी. पिशवी साच्याच्या तोंडापेक्षा बरीच मोठी घ्या आणि चुण्या पाडून लावा. ताणलेली पिशवी साच्याच्या खोल भागात टेकतच नाही, आणि नेमकं माथ्याजवळ कवच सैल राहतं. निर्वातातून मिळणारा दाब फार तर एक वातावरण इतका. मोठ्या कारखान्यांत याच जागी साच्यात रबरी फुगा घालून आतून हवा भरतात, त्यामुळे दाब त्याहून जास्त मिळतो. तो प्रयोग घरगुती साच्यावर करू नका, साचा उघडला तर माणूस जखमी होतो. पॉलिएस्टर वापरत असाल तर निर्वात मध्यम ठेवा. पूर्ण निर्वातात स्टायरिन उकळून बुडबुडे करतं.

सुकणं दोन टप्प्यांत. आधी खोलीच्या तापमानाला, मग ओव्हनमध्ये. इपॉक्सी ज्या तापमानाला घट्ट होते त्याच्या थोडंच वर गेल्यावर ती मऊ पडू लागते. काळं हेल्मेट उन्हात सहज ६० अंशांच्या पुढे तापतं, आणि ईसीईच्या चाचणीतही हेल्मेट ५० अंशांवर तापवून आणि उणे २० अंशांवर थंड करून आपटतात. म्हणून फक्त खोलीत सुकवलेलं कवच पुरेसं नाही. रेझिनच्या माहितीपत्रकात दिलेलं तापमान गाठा, बहुतेक साध्या इपॉक्सींना ६० ते ८० अंशांवर काही तास लागतात. कवच साच्यातच ठेवून तापमान सावकाश चढवा आणि सावकाशच उतरवा. हे सगळं थर्माकोल बसवण्याआधी, कारण तो स्वतः ९० अंशांच्या पुढे टिकत नाही.

आठवी पायरी: कापणं आणि छिद्रं

कडा हिऱ्याच्या कणांच्या चकतीने कापा, शक्य असेल तर पाण्याचा हलका फवारा मारत. काचेची आणि कार्बनची धूळ फुप्फुसांसाठी वाईट, आणि कार्बनची धूळ वीजवाहक असल्यामुळे उघड्या मोटरमध्ये शिरून ती जाळते. छिद्र पाडताना मागे लाकडाचा तुकडा घट्ट धरा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना शेवटचे थर सुटतात. छिद्राचा मध्य कडेपासून छिद्राच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतरावर हवा. कार्बनच्या कवचात अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट वापरले तर घामाच्या ओलाव्यात ते झिजतात, तिथे स्टेनलेस स्टील घ्या. कापलेल्या कडांना इपॉक्सीचा हात द्या, उघड्या तंतूंतून पाणी आत ओढलं जातं.

नववी पायरी: आपटण्याआधी तपासणं

आधी वजन. कागदावरच्या आकड्याशी दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर काही तरी हललं आहे. मग माथा, कपाळ, बाजू, मागचा भाग अशा दहा-बारा ठिकाणी जाडी मोजा. नाण्याने टकटक करत सगळं कवच फिरा: स्वच्छ, खणखणीत आवाज ठीक, बद्द आवाज आला तिथे थर सुटलेले आहेत किंवा हवा आहे. काचेच्या कवचात आत दिवा धरा.

साच्याबाहेर निघालेल्या कातरणीतून छोटा तुकडा घ्या, वजन करा, आणि भट्टीत ६०० अंशांच्या आसपास जाळा. रेझिन जळून जातं, काच उरते. ५ ग्रॅमच्या तुकड्यातून ३.२ ग्रॅम उरले तर तंतूंचा वाटा वजनाने ६४ टक्के, म्हणजे आपल्या आराखड्याच्या जवळ. धूर बाहेर जाण्याची सोय हवी. ही तपासणी फक्त काचेची, अ‍ॅरामिड आणि कार्बन जळतात.

त्याच आराखड्याची सपाट पाटीही बनवा, १०० बाय १५० मिमी. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या डी ७१३६ या पद्धतीत अशा पाटीवर १६ मिमी व्यासाच्या अर्धगोल टोकाचं वजन टाकतात, जाडीच्या दर मिलिमीटरला ६.७ ज्यूल ऊर्जेने. २.१ मिमीच्या पाटीला म्हणजे १४ ज्यूल. ती पद्धत जास्त जाड पाट्यांसाठी लिहिलेली आहे, त्यामुळे आकडे इतरांशी जुळवू नका, आपल्याच दोन आराखड्यांची तुलना करा. पाटी उलटून मागची बाजू पाहा. पुढे नुसता पुसट खळगा आणि मागे त्याहून बराच मोठा पांढरा डाग, हे एफआरपीचं खास लक्षण आहे. रस्त्यावर एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं असतं, ते यासाठीही.

दहावी पायरी: अस्तर, पट्टा आणि खरी धडक

थर्माकोल कवचात कुठेही फट न राहता बसला पाहिजे. फट असली की कवच आधी एकटंच आत वाकतं, आणि धक्का पसरण्याआधीच फुटतं. बसवायला द्रावक असलेला गोंद वापरू नका, रंगही आधी देऊन पूर्ण सुकवा. थिनर थर्माकोलला खातो. कवचावर बाहेरून उंचवटे, कड्या, शोभेचे पंख नकोत. गुळगुळीत गोल कवच रस्त्यावर घसरतं, उंचवटा अडकतो आणि डोकं पिळवटतं. ईसीई २२ च्या २२.०६ या नव्या आवृत्तीत तिरक्या धडकेची चाचणी आली ती या पिळवटण्यासाठीच.

पूर्ण धडकेच्या चाचणीला त्वरणमापक बसवलेलं कृत्रिम डोकं, खाली येण्याची वाट ठरवणारी तार किंवा रूळ, आणि ऐरण लागते. हे यंत्र स्वतः उभारण्यापेक्षा ज्या प्रयोगशाळेत आहे तिथे नमुने घेऊन जा. किमान चार सारखे नमुने न्या, आणि सपाट ऐरणीबरोबर फुटपाथच्या कडेसारखी ऐरणही मागा. सपाट ऐरणीवर उत्तम ठरलेलं कवच कडेवर नापास होताना मी पाहिलं आहे.

हातात आलेला, वेळेनुसार डोक्यावरचं त्वरण दाखवणारा आलेख नीट वाचा. वेळेच्या सुरुवातीलाच टोक आलं असेल तर कवच जास्त ताठ आहे किंवा थर्माकोल जास्त घट्ट. आधी बराच वेळ कमी बळ आणि शेवटी उंच सुळका दिसला तर थर्माकोल तळाला टेकला आहे: कवच मऊ आहे, किंवा थर्माकोल हलका. मध्ये पठारासारखा सपाट, रुंद डोंगर हवा.

मग ते कवच घरी आणा आणि धडक बसलेल्या जागेतून बारीक दातांच्या करवतीने मधोमध कापा. कडा घासून भिंगाखाली पाहा. तंतू आणि रेझिन एकमेकांपासून अलग होऊन तंतू कोरडे, स्वच्छ दिसत असतील तर पकड कमी आहे: कापडाच्या तंतूंवर आधीच केलेली रासायनिक प्रक्रिया रेझिनशी जुळत नाही, किंवा काम करताना ओलावा होता. सगळे थर एकाच रेषेत चाकूने कापल्यासारखे तुटले असतील तर कवच ठिसूळ आहे. एखादा थर अ‍ॅरामिडचा करा, किंवा ताठपणा कमी करा. थर पायऱ्यापायऱ्यांनी सुटलेले, तंतू ब्रशसारखे बाहेर आलेले, आणि तरीही आतला थर अखंड, असं दिसलं तर तो आराखडा जपून ठेवा. थर्माकोलही कापून दबलेल्या भागाची जाडी मोजा, आणि तो भाग किती चौरस सेंमी आहे ते आलेखाच्या कागदावर उमटवा. पहिल्या पायरीत काढलेल्या ११० आणि २७० या दोन आकड्यांच्या मध्ये तो कुठे बसतो, त्यावरून पुढच्या कवचात एक थर वाढवायचा की काढायचा ते ठरतं.